जुना टॅब्लेट आणि त्याचे फर्मवेअर : थोडी माहिती, थोडी सावधगिरी

आज पुष्कळ घरांत एखादा जुना टॅब्लेट कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतो. थोरल्या मुलाने दहावी-बारावीला वापरलेला, किंवा एखाद्या नोकरदार नातेवाइकाने नवा घेतल्यावर दिलेला. तो चालू होतो, पण अत्यंत संथ चालतो. किंवा कंपनीच्या चिन्हावरच अडकून बसतो. मग 'बिघडला' असे म्हणून तो भंगारात जातो आणि धाकट्यासाठी नवीन यंत्राचा खर्च काढावा लागतो. वास्तविक अशा पुष्कळ यंत्रांची काच, बॅटरी आणि आतील भाग शाबूत असतात. बिघडलेली किंवा जुनी झालेली असते ती आतली मूळ आज्ञावली. तिलाच फर्मवेअर म्हणतात. ती पुन्हा हाताने भरता येते. या कामाला मोठी पदवी लागत नाही. लागते ती शिस्त. त्या शिस्तीची माहिती सभासद बंधु-भगिनींना आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

फर्मवेअर म्हणजे काय?

आपण टॅब्लेटमध्ये खेळ, शब्दकोश, पुस्तके टाकतो आणि काढतो. ही झाली वरवरची भर. त्याखाली यंत्राचा स्वतःचा कारभार चालवणारी आज्ञावली असते. ती टॅब्लेटच्या साठवणीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली असते. पहिला कप्पा बूटलोडरचा. बटण दाबताच सर्वांत आधी जागा होणारा हा रखवालदार. तो पुढच्यांची ओळख पटवून त्यांना आत सोडतो. दुसरा कप्पा 'बूट', ज्यात कर्नेल म्हणजे काच, बॅटरी, वाय-फाय यांच्याशी थेट बोलणारा भाग असतो. तिसरा 'सिस्टिम', म्हणजे प्रत्यक्ष अँड्रॉइड. चौथा 'रिकव्हरी', अडचणीच्या वेळी उघडायची मागची खोली. आणि पाचवा 'युजरडेटा', ज्यात आपले फोटो, कागदपत्रे आणि अ‍ॅप्सची माहिती राहते.

ही मांडणी लक्षात ठेवली तर पुढचे सर्व सोपे होते. फर्मवेअर बदलणे म्हणजे पहिले चार कप्पे नव्याने लिहिणे. पाचवा कप्पा राहील की पुसला जाईल, हे आपण कोणता मार्ग घेतो त्यावर अवलंबून असते.

हाताने का करावे लागते?

नव्या यंत्राला कंपनी हवेतून, म्हणजे इंटरनेटवरून, आपोआप सुधारणा पाठवते. पण हा पुरवठा कायमचा नसतो. गूगलने ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या नेक्सस यंत्रांसाठी जाहीर केलेले धोरण असे होते : मोठ्या आवृत्त्या किमान दोन वर्षे, सुरक्षेच्या सुधारणा यंत्र बाजारात आल्यापासून तीन वर्षे, किंवा गूगलच्या स्वतःच्या दुकानातील शेवटच्या विक्रीपासून अठरा महिने, यांपैकी जी मुदत अधिक असेल ती. त्याच उन्हाळ्यात 'स्टेजफ्राइट' नावाचे दोष उघड झाले होते. मुद्दाम बिघडवून तयार केलेला व्हिडिओ संदेश आला तर मालकाने काही न करताही यंत्रात शिरकाव होऊ शकत होता. त्यानंतरच दरमहा सुरक्षा सुधारणा देण्याची पद्धत रुजली.

आता एखादा टॅब्लेट चार वर्षे कपाटात राहिला, किंवा त्याची आज्ञावली खराब झाली, तर कंपनीने दिलेली शेवटची आवृत्ती त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचेलच असे नाही. ती आपणच आणून भरावी लागते.

उदाहरणासाठी : नेक्सस ७

सर्व टॅब्लेटांना एकच रीत लागू पडत नाही. म्हणून आम्ही एक यंत्र नमुन्यादाखल घेतो : गूगलसाठी असूस कंपनीने बनवलेला नेक्सस ७. याचे कारण असे की, या यंत्राचे मूळ फर्मवेअर खुद्द गूगलने आपल्या विकासकांसाठीच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले ठेवले.

या नावाचे दोन वेगळे टॅब्लेट आहेत आणि येथेच पुष्कळांची गल्लत होते. पहिला जून २०१२ मध्ये जाहीर झाला. त्यात टेग्रा ३ प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. तो अँड्रॉइड ४.१ घेऊन आला आणि त्याची शेवटची अधिकृत आवृत्ती ५.१.१. दुसरा जुलै २०१३ मध्ये आला. त्यात स्नॅपड्रॅगन एस४ प्रो, २ जीबी रॅम आणि अधिक बारीक ठिपक्यांची काच. तो ४.३ वरून निघाला आणि ६.०.१ वर थांबला. या दोहोंतही पुन्हा केवळ वाय-फायचा आणि सिमकार्डचा असे प्रकार. गूगलच्या यादीत २०१२ चा वाय-फाय प्रकार 'नकासी' आणि २०१३ चा 'रेझर' या नावाने आहे. सिमकार्डच्या प्रकारांच्या नावाला शेवटी 'जी' जोडलेला आहे. पाठीवर चारही यंत्रांवर 'नेक्सस' हेच लिहिलेले. पण एकाचे फर्मवेअर दुसऱ्याला चालत नाही.

नवीन ते नेहमीच चांगले काय?

येथे २०१२ च्या नेक्सस ७ चा इतिहास बोधप्रद आहे. हे यंत्र वापरता वापरता संथ होई. एक कारण असे होते की, पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाली आहे हे साठवणीच्या चिपला कळवलेच जात नसे. त्यामुळे नवीन लिहिण्याचे काम जड होत जाई. जुलै २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ मध्ये 'ट्रिम' ही सोय आली आणि यंत्राला बराच उतार पडला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ५.० आली. ती या यंत्राच्या १ जीबी रॅमला जड गेली आणि संथपणाची तक्रार ठिकठिकाणाहून झाली. तेव्हा अनेकांनी गूगलचीच जुनी ४.४.४ ची फाईल हाताने भरून यंत्र पूर्ववत केले.

पण याचीही किंमत असते. ४.४ ही आवृत्ती गूगलच्या प्ले सर्व्हिसेसने २०२३ मध्ये सोडून दिली. त्यामुळे टॅब्लेट केवळ उतरवून घेतलेली पुस्तके वाचण्यासाठी असेल तर ४.४.४ चालेल, इंटरनेटसाठी हवा असेल तर ५.१.१ चा संथपणा सोसावा लागेल. २०१३ च्या नेक्ससला मात्र हा पेच नाही, त्यावर ६.०.१ च ठेवावी. यंत्राचा उपयोग आधी ठरवावा आणि मग आवृत्ती निवडावी, हे तत्त्व कोणत्याही टॅब्लेटला लागू आहे.

आधीची तयारी

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचे. पण त्याआधीची तयारी हीच खरी मेहनत. ती अशी :

१. यंत्राची पक्की ओळख. सेटिंग्जमध्ये 'अबाउट टॅब्लेट' येथे मॉडेल क्रमांक, अँड्रॉइडची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा. यंत्र सुरूच होत नसेल तर पाठीवरील बारीक अक्षरे भिंगाने वाचावीत.

२. माहितीची प्रत. विद्यार्थ्यांच्या टॅब्लेटमध्ये गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पावती यांचे फोटो असतात. ते एकदा पुसले गेले की परत येत नाहीत. यूएसबी तारेने सर्व फाइली संगणकावर उतरवाव्यात आणि त्यांतील चार-दोन उघडून पाहाव्यात. उतरवलेली प्रत उघडते की नाही हे पाहिल्याशिवाय ती घेतली असे समजू नये.

३. खाते काढणे. अँड्रॉइड ५.१ पासून अनेक यंत्रांत चोरीविरुद्ध एक सोय आली. यंत्र आडमार्गाने कोरे केले तर ते पूर्वीच्या मालकाचे गूगल खाते विचारते. म्हणून कोणी टॅब्लेट देणगी देत असेल तर देणाऱ्याने आपले खाते सेटिंग्जमधून स्वतः काढून मगच द्यावा. एवढे सांगितले नाही तर चांगले यंत्रही घेणाऱ्याच्या हातात कुलूपबंद राहते.

४. वीज. टॅब्लेटची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. संगणक शक्यतो लॅपटॉप असावा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी काम तुटत नाही. बॅटरी फुगलेली असेल, मागचे झाकण वर आलेले असेल, तर पुढे जाऊच नये. असे यंत्र धोक्याचे असते.

५. तार. केवळ चार्जिंगची तार चालत नाही. माहिती वाहून नेणारी हवी, आणि खोबणीत घट्ट बसणारी.

६. फाईल आणि तिची पडताळणी. फाईल गूगलच्या अधिकृत पानावरूनच घ्यावी. त्या पानावर प्रत्येक फाईलसमोर 'एसएचए-२५६' नावाचा चौसष्ट अक्षरांचा आकडा छापलेला असतो. बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना याचे मर्म लगेच कळते. दिवसअखेर व्हाउचरांची बेरीज आणि खतावणीची बेरीज जुळली पाहिजे. एका पैशाचा फरक आला तरी कोणी घरी जात नाही. हा आकडाही फाईलची बेरीजच होय. उतरवताना एक अक्षर जरी बदलले तरी संपूर्ण आकडा वेगळा येतो. विंडोजवर 'सर्टयुटिल' आणि लिनक्सवर 'एसएचए२५६सम' ही आज्ञा हा आकडा काढून देते. तो छापील आकड्याशी ताडून पाहावा. जुळला नाही तर फाईल टाकून द्यावी आणि पुन्हा उतरवावी.

प्रत्यक्ष कृती

संगणकावर गूगलचा 'प्लॅटफॉर्म टूल्स' हा छोटा संच घ्यावा. त्यात दोन साधने आहेत : 'एडीबी', जे चालू असलेल्या टॅब्लेटशी बोलते, आणि 'फास्टबूट', जे थेट बूटलोडरशी बोलते. विंडोजवर गूगलचा यूएसबी ड्रायव्हरही बसवावा लागतो. खाली आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. टंकताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात.

टॅब्लेटच्या 'अबाउट' पानावर बिल्ड क्रमांकावर सात वेळा बोट टेकवले की विकासकांसाठीचा दडलेला विभाग उघडतो. त्यात 'यूएसबी डिबगिंग' चालू करावे. तार जोडून संगणकावर 'एडीबी डिव्हायसेस' अशी आज्ञा द्यावी. टॅब्लेट परवानगी विचारतो. ती दिली की संगणकावर यंत्राचा क्रमांक दिसतो. तो दिसेपर्यंत पुढे जाऊ नये.

येथून दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सौम्य. ज्या मॉडेलसाठी गूगलने पूर्ण ओटीए फाईल दिली आहे, तिच्यासाठी बूटलोडरचे कुलूप उघडावे लागत नाही आणि आपली माहितीही सहसा राहते. टॅब्लेट रिकव्हरीत नेला की आडव्या पडलेल्या अँड्रॉइडचे चित्र दिसते. पॉवरचे बटण धरून आवाज वाढवण्याचे बटण एकदा दाबले की यादी उघडते. तीत 'अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी' निवडावे आणि संगणकावरून 'एडीबी साइडलोड' व पुढे फाईलचे नाव द्यावे. रिकव्हरी आधी फाईलवरची सही तपासते. धनादेशावरची सही आपण नमुना सहीशी ताडून पाहतो, तसेच हे. सही कंपनीची नसेल तर फाईल नाकारली जाते. या मार्गाने पुढची आवृत्ती भरता येते, मागची नाही.

दुसरा मार्ग संपूर्ण नव्याने भरण्याचा. यंत्र चिन्हावरच अडकले असेल किंवा मागच्या आवृत्तीवर जायचे असेल तर हाच उपयोगी पडतो. टॅब्लेट बंद करून आवाज कमी करण्याचे बटण धरावे आणि पॉवरचे बटण दाबून धरावे. बूटलोडरचा पडदा येतो. 'फास्टबूट डिव्हायसेस' ही आज्ञा देऊन जोडणी पाहावी. मग 'फास्टबूट ओईएम अनलॉक'. टॅब्लेटवर इशारा येतो : कुलूप उघडले तर युजरडेटा पुसला जाईल. हा नियम आपल्याच हिताचा आहे. नाहीतर चोरलेला टॅब्लेट कोणीही उघडून आपले कागद वाचले असते. आवाजाच्या बटणांनी 'यस' निवडून पॉवरने मान्यता द्यावी.

आता गूगलची फाईल उलगडून तिच्यातील सर्व फाइली प्लॅटफॉर्म टूल्सच्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि 'फ्लॅश-ऑल' ही फाईल चालवावी. ती प्रथम बूटलोडर लिहिते, यंत्र पुन्हा सुरू करते आणि मग बाकीचे कप्पे एकामागून एक लिहिते. फाईलसोबत यंत्राचे नाव लिहिलेली एक छोटी चिठ्ठी असते. ती जुळली नाही तर फास्टबूट पुढचे कप्पे लिहायचे थांबते. पण बूटलोडर त्याआधीच लिहायला घेतलेला असतो, म्हणून या चिठ्ठीच्या भरवशावर न राहता ओळख आपणच आधी पक्की केलेली बरी.

लिहिणे चालू असताना तार हलवू नये, बटण दाबू नये, 'काही होत नाही' म्हणून उतावीळ होऊ नये. पहिल्यांदा सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटेही लागू शकतात. यंत्र नीट चालू लागले, वाय-फाय आणि स्पर्श तपासला, की पुन्हा बूटलोडरमध्ये जाऊन 'फास्टबूट ओईएम लॉक' ही आज्ञा देऊन कुलूप लावावे. कुलूप उघडे ठेवून टॅब्लेट मुलांच्या हाती देणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवणे.

इतर टॅब्लेट

सॅमसंगच्या यंत्रांत फास्टबूट नाही. तेथे आधी कंपनीचा 'स्मार्ट स्विच' वापरून पाहावा. 'ओडिन' नावाचे जे साधन पुष्कळ जण वापरतात, त्यात बूटलोडर, मुख्य आज्ञावली, मोडेम आणि देश-प्रदेशाची माहिती अशा चार फाइली भराव्या लागतात. त्यांतील शेवटची 'सीएससी' भरली तर माहिती पुसली जाते. तिच्याऐवजी 'होम सीएससी' भरली तर राहते. पण ओडिन कंपनीने ग्राहकांसाठी प्रसिद्ध केलेले साधन नव्हे. म्हणून फाईल कोठून आली याची जबाबदारी सर्वस्वी आपली.

स्वस्त बिननावाच्या टॅब्लेटांत तर अधिकच जपावे. ऑलविनर किंवा रॉकचिप या चिपांवर बनलेली यंत्रे बाहेरून एकसारखी दिसतात, पण आतील पट्टीचा क्रमांक निराळा असतो. चुकीचे फर्मवेअर भरले तर यंत्र चालू होते, पण स्पर्श उलटा चालतो किंवा मुळीच चालत नाही. झाकण उघडून पट्टीवरचा छापील क्रमांक जुळवल्याशिवाय अशा यंत्राला हात लावू नये.

अडकले तर?

सिस्टिमचा कप्पा अर्धवट लिहिला गेला तरी घाबरण्याचे कारण नाही. बूटलोडर जिवंत आहे तोवर तार पुन्हा जोडून तीच कृती पहिल्यापासून करता येते. धोका आहे तो बूटलोडर लिहिताना तार सुटण्याचा. तेव्हा मात्र यंत्र अक्षरशः वीट होते आणि घरी दुरुस्त होण्याजोगे राहत नाही. वीज, तार आणि ओळख या तीन गोष्टींवर आम्ही एवढा भर दिला तो याचसाठी.

काय मिळते आणि काय मिळत नाही

शेवटची अधिकृत आवृत्ती भरली म्हणजे यंत्र नवे झाले, असा समज करून घेऊ नये. २०१३ च्या नेक्ससची शेवटची सुधारणा २०१६ सालची. त्यानंतर सापडलेले दोष त्यात तसेच आहेत. शिवाय संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे बदलत जातात. 'लेट्स एन्क्रिप्ट' या मोठ्या संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत नाही. जुन्या यंत्रांसाठी केलेली तात्पुरती सोयही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. म्हणून काही संकेतस्थळे उघडताना इशारा येतो. आधी तारीख-वेळ बरोबर आहे का पाहावे. ती बरोबर असूनही इशारा येत असेल तर हेच कारण असण्याचा संभव आहे. इशारा डावलून तेथे पासवर्ड टाकू नये.

आणि एक गोष्ट आम्ही आपल्या पेशाच्या अनुभवाने सांगतो. अशा टॅब्लेटवर बँकेचे व्यवहार करू नयेत. यूपीआय, नेट बँकिंग, कार्डाचा क्रमांक यांपैकी काहीही त्यात नसावे. घरातील पगाराचे किंवा पेन्शनचे खाते ज्या ई-मेलला जोडलेले आहे, तो ई-मेलही त्यात नसावा. मुलासाठी वेगळे खाते उघडून तेवढेच ठेवावे.

मग उरते काय? पुष्कळ उरते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उतरवून ठेवता येतात. मागील प्रश्नपत्रिका, शब्दकोश, शिक्षकांनी दिलेल्या टिपणांचे फोटो, ध्वनिमुद्रित पाठ हे सर्व इंटरनेट नसतानाही चालते. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलीला संध्याकाळपर्यंत थांबावे लागत नाही, हा लाभ लहान नव्हे.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. हे काम एकट्याने आणि घाईने करू नका, दोघे बसा. एकाने आज्ञा टंकावी, दुसऱ्याने कागदावरील क्रमांक वाचून ताडावा. प्रत्येक पायरी झाली की तिच्यापुढे खूण करावी. अशा रीतीने एक टॅब्लेट नीट केला की दुसऱ्याची भीती वाटत नाही, आणि ज्याला हे येते त्याने आणखी दोघांना शिकवावे. सभासदांनीही घरातील जुने टॅब्लेट भंगारात देण्यापूर्वी त्यांची बॅटरी आणि मॉडेल क्रमांक एकदा पाहून घ्यावा, आपले खाते त्यातून काढावे आणि चार्जरसह ते एखाद्या अभ्यास करणाऱ्या मुलाच्या हाती द्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.